दुसरा भोंगा

मी एकदा खोट्या कागदावर सही केली आहे. तेव्हा माझ्या शब्दाला किती वजन द्यायचं ते तुमचं तुम्ही ठरवा. पण खाली जे लिहिलंय त्यातलं एक अक्षरही पदरचं नाही.

याच नोव्हेंबरातला शनिवार. संध्याकाळचे सहा वाजून गेलेले. हॉटेलचा मोठा हॉल, खांबाजवळचं टेबल.

तिथे दीडशे माणसं होती. त्यातल्या कोणालाही विचारा. सांगतील, खेळ फार छान झाला.

मी पंप फिटर. पस्तीस वर्षं कारखान्यात काढली आणि निवृत्त झालो. लिहायची सवय नाही, मोबाईलवर एका बोटाने टाइप करतोय. चुकलं तर सांभाळून घ्या.

आधी हॉटेल कसं आहे ते सांगतो. नाव घेणार नाही. त्यांचे वकील चपळ आहेत.

ते हॉटेल म्हणजे एक जहाज आहे. सात मजली, पांढरं शुभ्र, वर तीन लाल धुराडी. उभं मात्र कोरड्या माळावर. समुद्र तिथून दिवसभराच्या रस्त्यावर. खोल्यांना केबिन म्हणायचं. खिडक्या गोल. पाहुण्यांना प्रवासी म्हणायचं. भिंतीतल्या स्पीकरमधून चोवीस तास लाटांचा आवाज येतो, तो बंद करायची सोय नाही. वेटरपासून झाडूवाल्यापर्यंत सगळे खलाशाच्या कपड्यात, आणि सगळ्यांना एकच कडक नियम. ड्युटीवर असताना सोंग सोडायचं नाही. तुम्ही विचारलंत, गाडी कुठे लावू, तर उत्तर येणार, "बंदरावर लावा साहेब."

आमच्या लग्नाला तीस वर्षं झाली म्हणून मुलीने आणि जावयाने आम्हाला दोन दिवसांसाठी तिथे पाठवलं. हे गेल्या वर्षीचं.

गाडीतून उतरल्या उतरल्या बायको कमरेवर हात ठेवून वर बघत राहिली.

"अहो, जहाज आलंय. समुद्र यायचा राहिला वाटतं."

"ट्रॅफिकमध्ये अडकला असेल," मी म्हटलं.

ती घरी शिवणकाम करायची. बसून बसून पाय धरतात, एवढीच तिची तक्रार. बाकी एक गोळी चालू नव्हती तिला. आणि नाटकी फार. मी कारखान्याची जुनी गोष्ट काढली की सोफ्यावर आडवी पडायची. "मेले हो मेले... फिटरसाहेबांनी कंटाळून मारलं." एक डोळा उघडा ठेवून बघायची, मी हसतो का. मुलगी लहान होती तेव्हा टाळ्या वाजवायची.

हे सांगणं भाग आहे. पुढचं त्याशिवाय कळणार नाही.

त्या हॉटेलात रोज संध्याकाळी सहा वाजता जहाज बुडतं.

तोच त्यांचा मुख्य खेळ. पहिला भोंगा झाला की हॉलचे दिवे निळे होतात. जमीन थरथरते. भिंतींच्या काचांवरून पाणी वाहतं, धूर सोडतात. प्रवाशांनी नारिंगी लाइफ जॅकेट घालून ओरडायचं, पळायचं, बुडायचं. जो सगळ्यात झकास बुडेल त्याला कप्तानाची टोपी बक्षीस. दुसरा भोंगा झाला की खेळ खलास. दिवे लागतात, जेवण येतं.

दुसरा भोंगा होईपर्यंत कोणीही सोंग सोडायचं नाही.

आणि तो भोंगा फक्त कप्तान वाजवतो. कप्तान म्हणजे हॉटेलचा मॅनेजर.

आम्हाला खांबाजवळचं टेबल मिळालं होतं. बायकोने जॅकेट चढवलं, पट्टे आवळले आणि स्वतःकडे बघून म्हणाली, "गॅसचा सिलिंडर दिसतेय मी."

"भरलेला," मी म्हटलं.

तिने माझ्या दंडावर चापट मारली. मग भोंगा झाला.

दोनेक मिनिटं ती सगळ्यांसारखी ओरडली, हसली. मग उठायला गेली आणि खालीच बसली. एक हात खुर्चीवर, एक छातीवर. तोंड उघडं.

"अहो... खरंच..."

मी हसलो.

चौथऱ्यावरून कप्तानाचा आवाज आला. "प्रवासी हो, इकडे बघा! असं बुडायचं असतं! टाळ्या!"

लाइटवाल्याने तिच्यावर झोत टाकला. सगळा हॉल टाळ्या वाजवायला लागला.

आणि आता ते लिहितो, जे मी मुलीलाही सांगितलेलं नाही.

मीही टाळ्या वाजवल्या.

तिची नजर माझ्या हातांवर होती.

मग ती नजर हलेनाशी झाली... आणि मला कळलं. मी ओरडलो. "कोणीतरी या! खरंच काहीतरी झालंय!" जवळ उभा असलेला वेटर छातीशी ट्रे धरून ओरडला, "धीर धरा साहेब, होडी निघाली आहे!" लोकांनी मलाही टाळ्या दिल्या. मी त्याची कॉलर धरली तर तो हसला आणि डोळा मारला.

भिंतीवर जहाजाचं मोठं घड्याळ होतं. अकरा मिनिटं. दुसरा भोंगा अकरा मिनिटांनी झाला.

त्याआधीच धुरातून चार जण तिला उचलून स्वयंपाकघराच्या दाराने घेऊन गेले होते. मागच्या फाटकावर अॅम्ब्युलन्स आली. त्यांची नर्स म्हणाली, "श्वास आहे." मी बायकोचा हात धरला होता. ज्या हाताने पस्तीस वर्षं गार लोखंड हाताळलंय, त्या हाताला गार म्हणजे काय ते कळतं.

हॉस्पिटलच्या पॅसेजमध्ये कोणीतरी माझ्या हातात पेन दिलं. मी सही केली. वाचलं नाही.

पंधरा दिवसांनी मुलीने वाचलं.

त्यात लिहिलं होतं, मृत्यू रस्त्यात झाला. पतीच्या आग्रहावरून जवळचं रुग्णालय सोडून लांबच्या मोठ्या रुग्णालयात नेताना.

"आई गाडीत जिवंत होती, बाबा," मुलगी म्हणाली. "जवळचं हॉस्पिटल दहा मिनिटांवर होतं."

"मी काही सांगितलंच नाही त्यांना. ती आधीच गेली होती. हॉलमध्येच."

"मग सही का केलीत?"

सगळं सांगायचं तर टाळ्यांपर्यंत यावं लागतं. तिथपर्यंत मी येत नव्हतो. अर्धवट सांगायचो आणि अर्धवट गोष्ट खोटीच वाटते.

"तुमचा हट्ट," ती म्हणाली. "जन्मभर आईने सोसला, शेवटीही सोडला नाहीत."

त्यानंतर तिने घरी येणं बंद केलं. नातवाला वर्षभर पाहिलं नाही मी. त्याचे समोरचे दोन दात पडले, हे जावयाकडून कळलं.

यंदा सप्टेंबरात मोबाईलवर मेसेज आला. त्या जहाजाचं चित्र. "प्रिय दांपत्य, तुमच्या दुसऱ्या सफरीची वेळ झाली आहे." कॉम्प्युटरने पाठवलेला. कॉम्प्युटरला काय कळतंय कोण गेलं, कोण राहिलं.

मी फोन केला. एका माणसाची केबिन मागितली. तीच केबिन, हॉलमध्ये तेच टेबल.

मला भांडायचं नव्हतं. कप्तानाच्या हातचा एक कागद हवा होता, की माझी बायको त्याच्या हॉलमध्ये गेली. मुलीला दाखवायला. बस.

शनिवारी दुपारी दोनला पोचलो. काउंटरवरच्या मुलीने खलाशाची टोपी सरळ केली आणि एक कार्ड माझ्यापुढे ठेवलं.

"सफर सुखाची होवो. दुसरं कार्ड मॅडमना दिलंय."

"मी एकटाच आहे."

ती गोड हसली. "मॅडम पुढे गेल्या, साहेब. म्हणाल्या, ते सावकाश येतील, पायऱ्या मोजत."

मी पायऱ्या मोजतो. कारखान्यातली सवय. ती कायम चिडवायची त्यावरून.

मी त्या मुलीकडे बघत राहिलो. ती हसतच होती. त्या जागेची हीच गंमत आहे. समोरचा खरं बोलतोय की सोंग करतोय, कळायला मार्ग नाही.

केबिनचं दार बंद होतं. आत कोणी नव्हतं.

हुकाला दोन लाइफ जॅकेट टांगलेली होती. मी फोन करून सांगितलं, एक घेऊन जा. खोल्या साफ करणारी बाई आली. वयस्कर, कपाळावर घाम.

"एकच तर आहे, साहेब."

मी हुकाकडे बघितलं. एकच होतं.

"मघाशी दोन होती, मावशी."

तिने दाराबाहेर डोकावून पाहिलं आणि हळूच म्हणाली, "साहेब, या केबिनमध्ये मी दुपारनंतर येत नाही. तुम्ही बोलावलंत म्हणून आले." सोंगातलं बोलणं नव्हतं ते. मग ती गेली, पोछा तिथेच विसरून.

मी तोंड धुवायला बाथरूममध्ये गेलो.

आणि भिंतीतल्या लाटा थांबल्या...

एकदम. कोणी गळा दाबावा तशा. मला वाटलं लाइट गेले, पण बाथरूमचा दिवा चालू होता. नळाचा आवाज होता. मी नळ बंद केला.

बाहेर कोणीतरी श्वास घेत होतं.

आखूड... अडकत... छातीवर काहीतरी घट्ट बांधलेलं असावं तसा.

मी बाहेर आलो. लाटा पुन्हा सुरू झाल्या.

पलंगावर जॅकेट होतं. दुसरं. बक्कल लावलेलं, पट्टे आवळलेले. रिकामं जॅकेट जेवढं चपटं पडायला हवं...

तेवढं पडलेलं नव्हतं.

मी घाबरलो का? खरं सांगतो, नाही. मी पलंगाच्या कडेला बसलो आणि म्हटलं, "अगं, आलीस का?" वर्षभर रिकाम्या घरात बोलायची सवय लागली होती. पण घरात तसं बोललं की बरं वाटायचं. इथे वाटलं नाही. मी जॅकेटवर हात ठेवायला गेलो तर जॅकेट चपटं झालं. हळूहळू. कोणीतरी अंग चोरून घ्यावं तसं.

तेव्हा कळलं. ती माझ्यासाठी आलेली नव्हती.

चारला मी कप्तानाकडे गेलो. त्याची खोली सगळ्यात वर, चाक बिक लावलेली. मला वाटलं होतं, हाकलून देईल. त्याने मला पाहिलं, दार लावून घेतलं आणि डोक्यावरची टोपी काढून टेबलावर ठेवली.

पन्नाशीचा माणूस. गेल्या वर्षी भरलेला होता. आता कोट अंगावर लोंबत होता.

"तुम्ही येणार ठाऊक होतं," तो म्हणाला. "त्या आल्यात म्हणजे तुम्हीही येणार."

"कोण आल्यात?"

त्याने रुमालाने मान पुसली. "दर संध्याकाळी एक प्रवासी टाळ्या वाजवत नाही. सगळे वाजवतात. एक बाई हात मांडीवर ठेवून बघत बसते. आधी अगदी मागच्या टेबलावर असायच्या. मला वाटलं, असेल कोणीतरी. पण रोज एक टेबल पुढे सरकतात. काल दुसऱ्या रांगेत होत्या." त्याने माझ्याकडे पाहिलं. "आज पहिली रांग. तुमच्या टेबलाला दुसरी खुर्ची आहे ना?"

मी विचारलं, "त्या दिवशी तुम्हाला कधी कळलं?"

"काय?"

"ते सोंग नव्हतं हे. कधी कळलं?"

त्याने टेबलावरची टोपी सरळ केली.

"तिसऱ्या मिनिटाला."

"आणि भोंगा?"

"अकराव्या." तो टोपीकडेच बघत होता. "दिवे लागले असते तर सगळ्यांना दिसलं असतं, साहेब. दीडशे माणसं. लहान मुलं होती. आमच्या धंद्यात हॉटेलात कोणी मरत नाही. रस्त्यात मरतात. मला पहिल्या दिवशीच शिकवलंय ते. मी नवीन मुलांना शिकवतो."

"आणि माझा आग्रह? लांबच्या हॉस्पिटलचा?"

"लांब नेलं तर रस्ता मोठा होतो. वेळ जुळतो. कोणाचं तरी नाव घालावं लागतं."

मुठी आवळल्या गेल्या माझ्या. हातोडा मारून मारून या मुठी घडल्यात. पण मी हललो नाही. कागद हवा होता.

"हे लिहून द्या. एवढंच. माझी मुलगी माझ्याशी बोलत नाही."

"देतो. अगदी देतो. आज खेळ झाला की सहीशिक्क्यानिशी हातात ठेवतो." त्याने पुढे वाकून माझं मनगट धरलं. "पण तुम्ही त्यांना सांगा. आज तुमच्याशेजारी बसतील ना, तेव्हा सांगा, मी लिहून देतोय म्हणून. तुमचं ऐकतील त्या."

"आत्ता लिहा."

"आधी आजचा दिवस जाऊ दे."

"माझ्या बायकोला अकरा मिनिटं ताटकळत ठेवलंत, मला आणखी दोन तास ठेवा. सवयच आहे तुम्हाला."

त्याने मनगट सोडलं. चेहरा बदलला.

"सगळं माझ्या माथी मारू नका," तो म्हणाला. "मी चौथऱ्यावरून बघत होतो. टाळ्या तुम्हीही वाजवल्यात."

कोणी ते पाहिलं असेल, असं वर्षभरात एकदाही माझ्या मनात आलं नव्हतं. ते मला आणि तिलाच ठाऊक आहे, असं मी धरून चाललो होतो.

आणि लाटा थांबल्या...

त्या खोलीतल्याही. माझ्या शेजारची खुर्ची करकरली. वजन पडल्यावर करकरते तशी.

कप्तान माझ्या खांद्याच्या बाजूला बघत होता. त्याने हळूच टोपी उचलली. डोक्यावर ठेवली. ताठ उभा राहिला, सलाम ठोकला, आणि हॉटेलच्या गोड आवाजात म्हणाला,

"या मॅडम. जहाजावर आपलं स्वागत आहे."

त्याच्या पँटचा पुढचा भाग ओला होत होता.

मी मान वळवून बघितलं नाही. उठून बाहेर आलो.

साडेपाचला हॉलमध्ये गेलो. तेच टेबल. डावीकडे खांब, त्यावर पितळी झाकण. फिटरच्या डोळ्याला असल्या गोष्टी लगेच दिसतात. झाकणाखालून वायर वर भोंग्याकडे गेलेली. म्हणजे दुसऱ्या भोंग्याचं बटण. गेल्या वर्षी ते माझ्यापासून हातभर लांब होतं आणि मला ठाऊक नव्हतं.

उजवीकडची खुर्ची रिकामी होती. तिच्यापुढे ताट, ग्लास, घडी घातलेला नॅपकिन. मी वेटरला म्हटलं, हे उचला. त्याने उचललं. मी चष्मा पुसून वर बघितलं तर ताट पुन्हा तिथेच. नॅपकिनची घडी मात्र मोडलेली...

मी तिला सांगायला हवं होतं. लिहून देतोय तो, कागद मिळू दे, मुलगी परत येईल. तोंड उघडलंसुद्धा.

पण डोक्यात एकच वाक्य घोळत होतं. तिसऱ्या मिनिटाला.

तिसऱ्या मिनिटाला.

मी तोंड मिटलं.

पहिला भोंगा झाला. निळे दिवे, धूर, काचांवरून पाणी. पोरं किंचाळत पळायला लागली. कप्तान चौथऱ्यावर उभा होता, आवाज खणखणीत. "प्रवासी हो, जहाज बुडतंय! कप्तान शेवटपर्यंत जहाज सोडणार नाही!" मला वाटलं, सावरला. नोकरी माणसाला उभं करते.

मग त्याने पहिल्या रांगेकडे बघितलं.

माझ्या उजव्या बाजूला.

वाक्य अर्धवट राहिलं. तो पायऱ्या उतरून आमच्याकडे यायला लागला. खरं तर खांबाकडे. एक हात पुढे, एक छातीवर. चार पावलं आला आणि गुडघ्यांवर पडला. कोणीतरी समोरून दोन्ही खांदे धरून खाली बसवावं तसा.

"भोंगा..." तो म्हणाला. "वाजवा... खरंच..."

हॉल खदखदून हसला.

"वा, कप्तान!" मागून कोणीतरी ओरडलं. "टोपी आज तुम्हालाच!"

लाइटवाल्याने झोत टाकला. टाळ्या सुरू झाल्या. वेटर ताठ उभे, चेहऱ्यावर घाबरल्याचं सोंग. त्यांना कोण सांगणार सोंग सोडा? सांगणारा तर खाली पडला होता.

त्याने माझ्याकडे बघितलं. त्या हॉलमध्ये टाळ्या न वाजवणारा एकच माणूस होता.

बटण माझ्यापासून हातभर अंतरावर. झाकण उचलायचं, दाबायचं. लहान पोरालाही जमेल. मी उठायला गेलो...

गुडघ्यावर हात पडला.

गार. जड. त्या हाताने मला खाली दाबलं नाही. नुसता ठेवलेला होता. लग्नात, बारशाला, कुठेही मी घाईने उठायला लागलो की ती असाच ठेवायची. बसा हो, काय घाई आहे.

मी बसलो.

कप्तानाचं तोंड उघडमीट होत होतं. माझ्या कानावर टाळ्याच येत होत्या. मी घड्याळाकडे बघत होतो. तिसरं मिनिट आलं. गेलं.

अकराव्या मिनिटानंतर हात उचलला गेला. मी झाकण उघडून भोंगा वाजवला. दिवे लागले. उजवीकडची खुर्ची रिकामी होती. ताटात काही नव्हतं, ग्लास कोरडा होता.

ते त्याला स्वयंपाकघराच्या दाराने घेऊन गेले. लोक जेवायला बसले.

कागद लिहिलेला नव्हता. मी नंतर त्याच्या खोलीत जाऊन बघितलं. टेबलावर लेटरहेड आणि टोपण काढलेलं पेन. सुरुवात केली होती बहुतेक. वर नुसती तारीख होती.

दहाएक दिवसांनी फोन आला. अनोळखी नंबर. बाईचा आवाज.

"तुमचा नंबर हॉटेलच्या वहीतून मिळवला. मी कप्तानांची बायको."

मी टीव्हीचा आवाज बंद केला.

"त्यांच्या कागदावर लिहिलंय, रस्त्यात गेले. पत्नीच्या आग्रहावरून लांबच्या हॉस्पिटलला नेताना." ती थांबली. "मला कोणी विचारलंच नव्हतं हो. पण मुलगा म्हणतो, आई, तू फोनवर काहीतरी बोलली असशील. आता मलाही वाटायला लागलंय, बोलले असेन. माझ्यामुळे गेले का ते?"

मला तिची एक एक गोष्ट पाठ होती. पुढे काय होणार तेही. मुलगा येणं बंद करणार.

"तुम्ही पहिल्या टेबलावर होतात ना?" ती म्हणाली. "खरं सांगा दादा, कुठे गेले? हॉलमध्येच गेले ना?"

एक 'हो' म्हणायचा होता. मी वर्षभर ज्यासाठी तडफडलो तो एक 'हो'. पण त्याच्यापाठोपाठ पुढचा प्रश्न आला असता. तुम्ही काय करत होतात?

"मी मागे बसलो होतो, बाई," मी म्हटलं. "मला काही दिसलं नाही."

तिने आभार मानले आणि फोन ठेवला.

तिला सांगितलं नाही ते इथे लिहितोय. ती कधी वाचणार नाही, म्हणूनच लिहितोय बहुधा.

मुलीचा फोन अजून आलेला नाही. घरात आता बोललं तरी नुसती भिंत वाटते. बायको गेली, कायमची. तिचं काम झालं असेल.

एक गोष्ट मात्र रोज मनात येते, आणि आली की मी दिवा लावून बसतो.

खुर्ची उजवीकडे होती. ती उजवीकडे बसली होती.

हात माझ्या डाव्या गुडघ्यावर होता.

डावीकडे खुर्ची नव्हती. तिथे खांब होता, खांबावर बटण होतं... आणि माझा स्वतःचा डावा हात तेव्हा कुठे होता, ते मला काही केल्या आठवत नाही.